जाऊबाईंचं ऑपरेशन कुणी ठरवायचं

आधीच सांगून ठेवते, आमच्या मोठ्या जाऊबाई जाड होत्या. अंगाने भरलेल्या, खात्यापित्या घरच्या, असलं काही मी म्हणणार नाही. त्यांनाच ते खपायचं नाही. कुणी तसं गोड बोलायला गेलं की त्या म्हणायच्या, "जाड म्हण की सरळ, जीभ नाही झडणार तुझी!" जिना चढताना गुडघे बोंबलायचे, रक्तात साखर वाढलेली. पण त्यांना खरं छळायची ती छातीतली जळजळ. पाठ टेकली की आंबट पाणी घशाशी यायचं. कित्येक वर्षं त्या भिंतीला उशा लावून, बसल्या बसल्याच झोपत होत्या. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना आडवं झालेलं पाहिलंच नव्हतं.

आम्ही दोघी जावा एकाच बेकरीत कामाला. मी पुढे काउंटरवर, त्या आत. आत भट्ट्यांच्या उष्णतेने पिवळी पडलेली फरशी, मधोमध पावाचा लांबलचक लाकडी ओटा आणि कोपऱ्यात पंख्याखाली स्टीलचं टेबल. ते टेबल जाऊबाईंचं. क्रीम फेटायचं मशीन, केक ठेवायचा फिरता स्टँड, क्रीम पिळायच्या कोनाच्या पिशव्या, सगळं त्यांच्या हाताखाली. बेकरीचा नियम असा की जाऊबाईंच्या जिभेवरून गेल्याशिवाय क्रीम केकवर चढायचं नाही. मालक गिऱ्हाइकांना हे छाती फुगवून सांगायचे. जाऊबाईंना तर त्या टेबलाचा इतका अभिमान की त्यांच्या गैरहजेरीत कुणी नुसती बरणी सरकवलेली त्यांना कळायची, आणि मग ज्याने सरकवली त्याचं काही खरं नसायचं.

साखर हाताबाहेर गेली तेव्हा त्यांना मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. वजन कमी करायची ऑपरेशनं करायच्या त्या. सोबत मी होते आणि मोठे दीर होते. दीर बेकरीचाच टेंपो चालवतात. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढून सगळं समजावलं. एक म्हणजे बलून. पोटात फुगा सोडायचा, काही महिन्यांनी काढून घ्यायचा. चिरफाड नाही, पण काढल्यावर वजन परत यायची भीती. दुसरी स्लीव्ह. पोटाचा मोठा भाग कापून टाकायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. कापलेलं परत येत नाही. तिसरी बायपास. वर पोटाची लहानशी पिशवी करायची आणि आतडं थेट तिला जोडायचं. साखरेवर जास्त गुणकारी, पण जन्मभर गोळ्या घ्यायच्या आणि गोडाशी काडीमोड. त्या म्हणाल्या, "दुर्बिणीची तपासणी झाली की आपण ठरवू. तोवर मी सांगते तसं पातळ खाणं सुरू करा. लिव्हर चरबीने सुजलंय, ते आकसलं पाहिजे, नाहीतर आत हात घालता येत नाही."

ठरवू, म्हणाल्या त्या. आमच्या घरात तर ठरवायला जत्रा जमली.

दीर म्हणाले, स्लीव्ह. का, तर त्यांच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या बायकोने केली होती. माझा नवरा म्हणाला, बलून, कारण बलून म्हणजे काही ऑपरेशन नव्हेच, नुसता फुगा. सासूबाई म्हणाल्या, कशाला हवेत हे धंदे, दोन घास कमी खा म्हणावं. त्या हे बोलत होत्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या पानात तिसरी वाढ पडत होती, पण ते सोडा. मालक तर बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आले. जिला पातळ खायला सांगितलंय तिच्या घरी बिस्किटं! म्हणाले, "काय करायचं ते करा, फक्त जीभ शाबूत राहील असं करा." आणि सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. माणूस डॉक्टरकडे निघालंय आणि हे मशीन दुरुस्तीला टाकल्यासारखं बोलत होते.

जाऊबाई मात्र घोट घोट सूप पीत सगळ्यांची तोंडं बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" तर त्या म्हणाल्या, "मला विचारलंय का कुणी अजून?"

पातळ खाणं त्यांनी एकदम कडक पाळलं. मी साक्षीला होते ना. डब्यात ताक आणि डाळीचं पाणी, बस्स. घरात आम्ही जेवायचो तेव्हा त्या उठून बाहेर जाऊन बसायच्या. आणि पुन्हा तपासणीला गेलो तर वजन जिथल्या तिथे. लिव्हर तसंच सुजलेलं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "खरं सांगा. काय खाताय?"

"काही नाही हो, शपथ."

मला तर तिथेच राग चढला. मी म्हटलं, "डॉक्टर, मी रात्रंदिवस यांच्याबरोबर असते. यांच्या तोंडात एक दाणा गेलेला नाही."

त्यांनी विचारलं, काम काय करता. जाऊबाई म्हणाल्या, क्रीमचं टेबल बघते. मग क्रीम बरोबर झालंय हे कसं कळतं? जाऊबाई म्हणाल्या, "चव घेऊन." दिवसातून किती वेळा? "आता ते कसं मोजणार? प्रत्येक घाण्याला. मग रंग घातल्यावर. मग इसेन्स घातल्यावर. मग पिशवीत भरताना."

"आणि ते खाणं नाही?"

"छे! ती चव हो!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

डॉक्टरीणबाई एवढ्या हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. आम्हा दोघींची तोंडं बघण्यासारखी झाली असणार. पण तुम्हाला खरं सांगते, आम्हाला ते खरंच कधी खाणं वाटलं नव्हतं. बेकरीत कुणालाच वाटत नाही. खाणं म्हणजे बसून, ताटात घेऊन. बोटावरचं म्हणजे काम. दिवसभरात वाटीभर लोणी-साखर पोटात जात होती आणि जाऊबाई घरी येऊन उपाशी म्हणून झोपत होत्या.

मग डॉक्टरीणबाईंचं हसू ओसरलं. दुर्बिणीचा रिपोर्ट समोर होता. अन्ननळी आंबटाने सोलवटून निघाली होती. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "स्लीव्ह केली तर ही जळजळ आणखी वाढू शकते, पुढे दुसरं ऑपरेशन करायची वेळ येते. तुमच्यासाठी बायपास बरी. पण बायपासनंतर हे दिवसभर बोट चाटणं जमणार नाही. गोड आत गेलं की दरदरून घाम, धडधड, चक्कर. कुणाला थोडं सोसतं, कुणाला अजिबात नाही. त्याची हमी मी देणार नाही. विचार करून सांगा."

इकडे आड तिकडे विहीर. टेबल ठेवायचं तर छाती जळत राहणार, छाती विझवायची तर टेबल जाणार. दीरांनी विचार करायला एक क्षणही घेतला नाही. ते म्हणाले, "स्लीव्ह करा डॉक्टर. हिचं काम आहे ते, चव घेतली नाही तर मालक ठेवतील कशाला?"

जाऊबाईंनी त्यांच्याकडे मान वळवून बघितलं. "ऑपरेशन तुमचं आहे का?"

"अगं, मी तुझ्या भल्याचंच..."

"मला आडवं झोपायचंय," जाऊबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं बसून झोपतेय मी, तुम्ही शेजारी ढाराढूर. एकदा तरी विचारलंत? बायपास लिहा डॉक्टर."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय! घरी आल्यावर तोफखाना सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाने एवढा हट्ट बरा नव्हे. दीर म्हणाले, मालकांना तोंड कसं दाखवू. जाऊबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाल्या, "तुमचं तोंड तुम्ही दाखवा, माझं पोट मी दाखवते. आणि आई, हट्ट म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, तारीख मी घेणार." मग नळ पुन्हा सोडला. मला आत उभ्या उभ्या टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, कारण मलाही याच घरात राहायचंय.

त्यानंतर त्यांनी क्रीमला बोट लावलं नाही. रजाच टाकली. वजन उतरलं, लिव्हर आकसलं, ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात सोबतीला होते. पहिले दिवस वाईट गेले. चमचा चमचा पाणी, पोटात कळा, ओकाऱ्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "मी चुकले असेन तर मला सांगू नकोस." मी म्हटलं, "वहिनी, चुकलात तरी तुमचं तुम्ही चुकलात." त्यावर हसल्या, आणि हसल्याने टाके दुखले म्हणून मलाच शिव्या दिल्या. घरी आल्यावर त्या पाठ टेकून झोपल्या. सासूबाई दोनदा बघून आल्या, श्वास चालू आहे ना म्हणून.

बेकरीत परत गेल्या तेव्हा वजन बरंच उतरलं होतं. मालकांनी टेबल रिकामं ठेवलं होतं. मालकांचं मन द्रवलं होतं असं समजू नका. दुसरं कुणी मिळालं नव्हतं. जाऊबाई टेबलाशी उभ्या राहिल्या, मशीन लावलं, क्रीम फुललं आणि बोट आपसूक भांड्यात गेलं. गेलं तसं तोंडात. एकदा, दोनदा, तीनदा. थोड्या वेळाने त्या मैद्याच्या पोत्यावर बसल्या त्या घामाने निथळत, छाती धडधडत. मी काउंटर सोडून आत धावले, दीर पाणी घेऊन आले. मालक म्हणाले, "चाखून थुंकून टाकत जा ना." जाऊबाई म्हणाल्या, "तोंडात गेलं की मी गिळते. थुंकायची सवय असती तर या टेबलाशी एवढी वर्षं टिकले असते का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून टेबल सोडलं. मालकांना म्हणाल्या, "मला पावाच्या ओट्यावर घ्या. कणीक मळायला जीभ लागत नाही." मालकांनी आदळआपट केली, दीरांनी डोकं धरलं. पण पावाच्या ओट्यावर माणूस कमी होतंच, आणि जाऊबाईंचे दंड अजून कुणालाही भारी होते. टेबलावर एक नवीन बाई आली. तिची जीभ काही वाईट नव्हती, पण क्रीम एकदा गोड, एकदा फिकं. गिऱ्हाइकं माझ्याशी काउंटरवर कुरबुरायची. मी ऐकून घ्यायचे आणि आत सांगायचे नाही.

मग ती लग्नाची ऑर्डर आली. चार मजली केक, आमच्या बेकरीने एवढा मोठा कधी केलाच नव्हता. टेंपो दाराशी उभा, दीर किल्ली फिरवत आत आलेले. शेवटच्या मजल्याचं क्रीम तयार झालं आणि मालकांचा धीर सुटला. भांडं उचलून ते थेट पावाच्या ओट्याशी आले. जाऊबाईंचे हात कोपरापर्यंत कणकेत होते. मालकांनी चमचा भरला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. मुलाला भरवतात तसा.

"एकच चमचा, बाई. फक्त आज. नाव जाईल माझं."

जाऊबाई मळत राहिल्या. चमचा तसाच. सगळी बेकरी थांबली होती. मी काउंटरच्या दारात उभी, आणि बाहेर गिऱ्हाईक नाण्याने काच वाजवत होतं.

दीर म्हणाले, "घे गं एवढंसं. काय होतंय एका चमच्याने? मालक एवढे हातापाया पडताहेत."

तेव्हा त्या थांबल्या. "तुम्हाला माहीत आहे काय होतं ते," त्या म्हणाल्या. "त्या पोत्यावर मी बसले होते तेव्हा तुम्हीच पाणी आणलंत. तरी घे म्हणताय?" मग मालकांकडे वळल्या. "क्रीम तिने केलंय ना? मग तिला विचारा. टेबल तिचं आहे. आणि चमचा खाली घ्या, कणकेत ठिबकतोय."

मालकांनी चमचा खाली घेतला. नवीन बाईकडे बघितलं. ती घाबरली होती, पण पुढे आली, बोट घातलं, डोळे मिटून चव घेतली आणि म्हणाली, "चालेल." केक टेंपोत चढला. दीरांनी दार लावलं आणि कुणाकडेही न बघता गाडी काढली. नंतर कळलं, क्रीम जरा जास्तच गोड झालं होतं. लग्नाच्या लोकांनी सगळा केक संपवला आणि कुणीही मेलं नाही.

पण ते नंतर. टेंपो गेला तेव्हा मी ओट्यापाशी आले. जाऊबाई कणकेला असे काही ठोसे देत होत्या की ओटा हलत होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मी पदर पुढे केला.

"वहिनी, रडताय?"

"हो, रडतेय!" त्या खेकसल्या. "टेबल होतं ते माझं. आता रडूसुद्धा तुम्हा सगळ्यांना विचारून का?"