टेलिफोन बोर्डापुढची खुर्ची

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. जटपुरा दरवाजाच्या आत आमचं घर होतं आणि आमच्या मागच्याच गल्लीत पोस्टाच्या इमारतीत टेलिफोनचा नवा बोर्ड बसणार होता. तोवर टेलिफोन म्हणजे कलेक्टरचा बंगला, कोळशाच्या खाणी आणि दोन-चार लाकूडवाले ठेकेदार. आता शहरात पुष्कळ टेलिफोन लागणार, ते जोडून द्यायला मुली हव्यात आणि मॅट्रिक झालेली चालेल, अशी बातमी आली.

आमच्या घरात मॅट्रिक झालेल्या दोघी होतो. मी आणि माझी वहिनी.

वहिनींचं माहेर सिरोंचाचं. मराठी आणि तेलुगू दोन्ही त्यांना सारखंच येई. माझा दादा शाळामास्तर होता. लग्नानंतर त्यानं त्यांना माझ्याबरोबर परीक्षेला बसवलं. आम्ही दोघी एकाच कंदिलापाशी इंग्रजी पाठ केलं. त्यांचा निकाल माझ्याहून चांगला लागला. त्याच्या पुढच्या वर्षी दादा हिवतापानं गेला. वहिनी पंचविशीच्या आतच होत्या. बाबा जंगल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, आई सांधेदुखीनं बसलेली. घराचं सगळं वहिनींवर आलं.

अर्ज दोघींनी केले. बाबांनी अडवलं नाही. सरकारी नोकरी कुठे लागते, असं त्यांना वाटलं असावं. नागपूरहून साहेब आले. एका खोलीत आम्हाला बसवून हातात रिसीव्हर दिला आणि दुसऱ्या खोलीतून साहेब इंग्रजीत नंबर सांगत गेले, ते आपण परत म्हणायचे. माझा आवाज घाबरून बारीक झाला. वहिनींचं बोलणं मी दारातून ऐकत होते. घरी दूधवाल्याशी बोलावं तितक्या सहज त्या बोलत होत्या.

आठवड्यानं ऑफिसचा शिपाई सांगत आला. सूनबाईंना घेतलंय, आणि त्या आल्या नाहीत तर लेकीचा नंबर.

बाबांनी शिपायाला पाणी दिलं, तो गेल्यावर दार लावलं.

"सून जाणार नाई," ते म्हणाले. "दिवसभर परक्या माणसायशी बोलणं. विधवा बाई. मले लोकायले तोंड दाखवायचं हाय."

मी म्हणाले, "बाबा, मी गेली त मीही परक्यायशीच बोलीन ना. वहिनीले घेतलं त्यायनं, वहिनीलेच जाऊ द्या."

"तुझी गोष्ट वेगळी हाय. तुझं लग्न होईलोक तू जाय."

आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. आणि मी गप्प झाले. खरं सांगायचं तर बाबांचं शेवटचं वाक्य ऐकून माझ्या छातीत काहीतरी सुटं झालं होतं, आनंदासारखं. मागच्या पडवीत वहिनी तांदूळ धूत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पाण्याचा आवाज मध्ये एकदाही थांबला नाही.

मी नागपूरला काम शिकून आले आणि बोर्डापुढच्या खुर्चीवर बसले. डोक्यावर कानाचं यंत्र, समोर ओळीनं नंबर. कोणी घरी हँडल फिरवलं की त्याच्या नंबरवरचं छोटं झाकण खटकन खाली पडे. मग दोरी खुपसायची, विचारायचं, दुसरी दोरी खुपसायची, आणि दोन माणसं बोलू लागत. नागपूरचा ट्रंक कॉल लागला की लांबून वाऱ्यासारखा आवाज येई. एवढं जंगल ओलांडून माणसाचा आवाज माझ्या हातातून जातो, याचं मला रोज नवल वाटे. मला ते काम फार आवडलं.

घरी मात्र मी तसं सांगितलं नाही. संध्याकाळी वहिनी ताट वाढत आणि विचारत, आज काय झालं, कोण बोललं, ट्रंक कशी लावता. मी म्हणायचे, काही नाही हो, डोकं पिकून जातं, कान दुखतात. कधी खोटंच कानाला हात लावून बसायचे. त्या गरम तेलाचे दोन थेंब घालून द्यायच्या. ते तेल कानात जाताना मला मेल्याहून मेल्यासारखं होई. दर दिवाळीला मी त्यांच्यासाठी लुगडं आणायचे. त्या घडी उघडून बघायच्या, छान आहे म्हणायच्या आणि पेटीत ठेवून द्यायच्या. अंगावर जुनंच.

अशी काही वर्षं गेली. माझं लग्न दोनदा जमता जमता राहिलं आणि बाबांनी त्याबद्दल बोलणं सोडलं.

मग एका उन्हाळ्यात दुपारी राजुऱ्यापलीकडच्या लाकूड-डेपोचं झाकण पडलं. मी नंबर विचारला. पलीकडून एक माणूस तेलुगूत ओरडत होता. लारी आणि आसुपत्री, म्हणजे गाडी आणि दवाखाना, हे दोनच शब्द मला कळले, त्यावरून गाडीला अपघात झाला असावा. पण गाडी डेपोत होती की बाहेर कुठे, ते मला कळेना. मी हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं. त्याला वाटत होतं मी मुद्दामच ऐकत नाही. डेपोचा मुनशी गावात गेला होता. मी सरकारी दवाखाना जोडून दिला, तर डॉक्टरही म्हणाले, बाई, हा काय म्हणतो ते मलाही समजत नाही, गाडी पाठवू कुठे.

आमच्या ऑफिसच्या मोठ्या बाबूंना मी म्हटलं, घरून वहिनीला आणते. त्यांनी मान डोलावली. मी अनवाणीच पळाले. वहिनी ओल्या हातानं तशाच निघाल्या. खुर्चीवर बसल्या, पदरावरूनच कानाचं यंत्र चढवलं आणि बोलू लागल्या. पहिली काही वाक्यं अगदी हळू. त्या माणसाचं ओरडणं थांबलेलं मला बाजूला उभं राहून जाणवलं. मग त्यांनी एक एक विचारलं आणि मला सांगत गेल्या. बांबू तोडणारे मजूर होते, गाडी नाल्याच्या उतारावर पलटली होती, डेपोपासून जंगलाच्या रस्त्यानं आत, मोठ्या मोहाच्या झाडापाशी. मी दुसऱ्या दोरीनं दवाखान्याला कळवत गेले. दवाखान्याची गाडी निघेपर्यंत वहिनी त्या माणसाला बोलण्यात धरून होत्या. त्याचा पोरगा त्या गाडीत होता.

एक मजूर गेला. बाकीचे वाचले, तो पोरगाही.

मोठे बाबू वहिनींना म्हणाले, "बाई, तुम्ही इथी काऊन नाई?"

वहिनींनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "घरी भात चुलीवर हाय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

गावात बोलबाला झाला. बाबा पानाच्या दुकानावर आमच्या सूनबाईंनी, आमच्या सूनबाईंनी असं सांगत फिरले. मोठ्या बाबूंनी वरती विचारून पाहिलं. एक जागा निघणार होती, आणि आता बाबांचीही ना नव्हती. पण वहिनींचं वय अटीपलीकडे गेलं होतं. पहिल्या वेळी नाव लागलं होतं हे कुणी मोजायला तयार नव्हतं.

हे कळलं त्या संध्याकाळी मी पडवीत वहिनींजवळ बसून रडले. माझ्यामुळे झालं, मी बाबांशी भांडायला पाहिजे होतं, ती खुर्ची तुमची आहे, असं काहीबाही बोलत होते. त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी संपवून त्यांनी ताट बाजूला सारलं.

मग म्हणाल्या, "झालं तुझं रडून? आता मले तुले समजवावं लागन. हेही काम माझंच."

मी वर पाहिलं. त्या चिडल्या होत्या. त्यांना चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तू रोज येऊन कान दुखते म्हणते. मले का समजत नाई? तुले ते काम आवडते. तुझ्या तोंडावर दिसते. मी घरात बसली, आन् तू तिथी जाऊन आनंदही लपवून राह्यली, मंग भलं कोणाचं झालं? मले लुगडी नको. मले सांग तिथी काय होते ते. खरं सांग."

त्या दिवसापासून मी खरं सांगू लागले. कोणाचा आवाज कसा, नागपूरची ऑपरेटर कशी हसते, कोणता ठेकेदार मला शिव्या देतो. त्या मन लावून ऐकत, मध्येच म्हणत, मी असती तर असं बोलली असती. ते ऐकताना मला हसू येई आणि टोचतही असे. पुढे आसपासच्या मुली त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागल्या. वहिनी एका कोपऱ्यातून नंबर सांगत, मुली दुसऱ्या कोपऱ्यातून परत म्हणत. त्यांना जागा व्हावी म्हणून बाबांनी अंगणातली आपली आरामखुर्ची बाजूला सरकवून घेतली. त्या मुलींतल्या दोघी माझ्या बोर्डावर आल्या. पेटीतली लुगडीही बहुतेक त्यांनाच गेली.

बाबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा एकदा मला म्हणाले, "सुनेच्या नोकरीचं माझं चुकलंच."

मी म्हटलं, "वहिनीले सांगा. त्या बाजूच्याच खोलीत हायत."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. तेरावा झाल्यावर मी ते वहिनींना सांगितलं.

"तुले सांगतलं," त्या म्हणाल्या. "मले नाई सांगतलं."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. पण त्या शब्दांत बाबांबरोबर मीही होते, मीही त्यांना खरं सांगायला कितीतरी वर्षं लावली होती, हे मला तेव्हाच कळलं. पुढे बोर्ड गेला, आपोआप लागणारे टेलिफोन आले, मी मोठ्या बाबूंच्या जागी मोठी बाई होऊन निवृत्त झाले. ज्या नोकरीनं मला माझं आयुष्य दिलं, तिच्याबद्दल कोणी कौतुकानं विचारलं की आजही माझं पहिलं उत्तर असतं, कान फार दुखायचे.