गोदाकाकूंची लाथ

गोदाकाकू माणसाला आधी लाथ मारायच्या आणि मग त्याच्या पाया पडायच्या. माणूस वयानं मोठा असला तर, हं. लहानाला नुसतीच लाथ.

मुरुम गावातल्या मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि मी काकूंच्या घरी खोली घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हा प्रकार पाहिला. अंगणात एक पैलवानासारखा गडी भिंतीला हात टेकून वाकून उभा होता. जेमतेम माझ्या खांद्याला लागणाऱ्या काकू काष्टा आवळून त्याच्या कमरेत डाव्या पायानं हाणत होत्या. एकदा नव्हे, तीनदा! माझ्या हातातलं दूध सांडलं.

"भिऊ नका बाई," काकू म्हणाल्या, "उसण भरलीया त्याला. म्या पायाळू हाय नव्हं."

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. त्याचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडं सगळे मानतात. थंडी पडली की काकूंच्या अंगणात गर्दी व्हायची. शाळू ज्वारीच्या राखणीला गारठ्यात बसून आखडलेले यायचे, सास्तूरकडून बैलगाडीत आडवं घालून आणलेले यायचे. निजाम गेला, कचेरीतली उर्दू गेली, पण काकूंच्या दारची रीघ काही हटली नाही. मी नव्यानंच ट्रेनिंग करून आलेली, मला या सगळ्याचं हसू यायचं.

पौषात माझीच जिरली. आडावर घागर उचलताना पाठीत अशी चमक निघाली की मी तिथंच बसले. काकूंनी मला हाताला धरून आणलं, भिंतीला उभं केलं आणि तीन लाथा घातल्या. लाथा हलक्याच होत्या. खरं काम त्यानंतर सुरू झालं. चुलीवर वाळू तापवून पुरचुंडीनं शेक, लसूण टाकून कढवलेलं तिळाचं तेल, वर एरंडाचं गरम पान आणि घट्ट पट्टा. माझी झोळ पडलेली बाज त्यांनी उचलून बाहेर टाकली. भुईवर जाड घोंगडं घालून निजायचं आणि सकाळी उन्हाकडं पाठ करून बसायचं, असा हुकूम निघाला.

"आन् घागर उचलताना गुडघं वाकवा! कंबर काय सरकारी हाय व्हय, कशीबी वाकवायला?"

पाचव्या दिवशी मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "काकू, गुण वाळूचा आहे, लाथेचा नाही."

मला वाटलं चिडतील. त्यांनी दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "व्हय. म्या पायाळू न्हाईच."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला सहा महिने झाले होते. त्यांचे सासरे आप्पा उसण भरून आठ दिवस सोप्यात पडलेले. पहाटे दळायला उठलेल्या काकू अंधारात अडखळल्या आणि पाय थेट सासऱ्यांच्या पाठीत बसला. सासू जागीच होती. सुनेनं सासऱ्याला लाथ मारली, आत्ताच्या आत्ता गाडी जुंपा, हिला माहेरी नेऊन घाला, म्हणून तिनं आकाशपाताळ एक केलं.

"माझ्या तोंडातनं निघून गेलं बाई, म्या पायाळू हाय, मुद्दाम मारली. आन् मामंजी उठून उभं की! ताठ!"

तेव्हापासून तीस हिवाळे काकू लाथा मारत होत्या. लबाडी अंगाशी येऊ नये म्हणून शेजारच्या मुसलमान खालाकडून तेल शिकल्या, एका वैदूकडून शेक शिकल्या.

"लोकांचं काय न्हाय वाटत. त्यास्नी गुण येतो. पण मामंजी देवमाणूस. खोटं बोलून दरसाल त्यांच्या अंगाला पाय लावतीया. सांगावं तर तोंड बघनार न्हाईत माझं. न सांगता त्ये गेलं तर मग कुणाला सांगू?"

ऐंशी ओलांडलेले आप्पा तेव्हा फार थकले होते. सासू कधीच गेली होती, घरात काकूंना जीव लावणारं मोठं माणूस ते एकच. त्यांच्या नजरेतून उतरायचं काकूंना फार भय होतं. मी म्हणाले, सांगून टाका. म्हणायला माझं काय जात होतं!

भोगीच्या दिवशी आप्पांची पाठ धरली. उन्हात घोंगडीवर बसून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, ये गं, लाथ घाल." काकू मला ओढतच घेऊन गेल्या. त्यांच्यापुढं खाली बसल्या आणि मान घालून सगळं सांगून टाकलं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "एवढंच व्हय? तुझं तोंड बघून मला वाटलं, बैल मेला."

"मामंजी!"

"अगं, सोयरीक जमवताना म्या तुझ्या बापाला पहिलं तेच इचारलं व्हतं. पायाळू मानसावर ईज पडती म्हनत्यात, तवा समदेच इचारायचे. त्यो म्हनला, न्हाय, पोरगी नीट डोक्याकडनं झालीया."

काकूंनी झटकन मान वर केली. म्हणाल्या, "मग त्या दिशी उठून उभं कसं ऱ्हायला?"

"दात-ओठ खाऊन. तुझ्या सासूनं एकदा गाडी जुंपली असती तर तू परत आली नसतीस. पाठीचं काय, ती झाली बरी आठ-पंधरा दिसांनी."

काकू हमसून हमसून रडायला लागल्या. मलाही राहवेना. आप्पा मात्र मिशीत हसत होते. तेवढ्यात फाटकाशी एक शेतकरी कमरेवर हात देऊन, वाकडा होऊन उभा राहिला. त्यानं कण्हतच विचारलं, "पायाळू काकू हायेत का?"

काकूंनी घाबरून सासऱ्यांकडं पाहिलं.

"ये बाबा, ये," आप्पा मोठ्यानं म्हणाले. "ही काय, आमचीच सून."