साडेतीन वीत काकाजी

आमच्या ग्रेडरभाऊंइतका खरं बोलणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि गळ टाकणाऱ्यांमध्ये त्यांच्याइतका थापाड्या म्हणून गाजलेला माणूसही दुसरा झाला नाही. पहिली गोष्ट त्यांच्या स्वभावामुळे झाली. दुसरी माझ्यामुळे. एवढं लिहायला मला चौदा वर्षं लागली. लिहून झाल्यावर पायात रुतलेला काटा निघावा तसं वाटतंय. तो बोटांत धरून माणूस पाहतो आणि म्हणतो, एवढासा होता होय हा!

भाऊ कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचा, धाग्याची लांबी आणि ओलावा बोटांनीच ओळखायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. पण ती बोटं केंद्राबाहेरही स्वस्थ बसत नसत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीवर टेकायच्या आधी त्यांनी पडद्याचं टोक चोळून पाहिलं. चहाचा घोट घेऊन डोळे मिटले आणि "दुसरी प्रत" असा निकाल दिला. माझ्या बायकोच्या भाकरीचा तुकडा मात्र त्यांनी दोन बोटांत ताणून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "वहिनी, लांब धागा हाये." पुढचे आठ दिवस ती माझ्याशीसुद्धा नीट बोलत होती. आमच्या गळ टाकणाऱ्या चौकडीतल्या गुरुजींनी मुलीसाठी पाहिलेला मुलगा भाऊंना दाखवला. भाऊंनी त्याचा हात हातात घेतला, जरासा दाबला आणि अंगणात येऊन हळूच म्हणाले, "माल चांगला हाये गुरुजी, पण ओलावा जास्त हाये." लग्नात पाठवणीच्या वेळी मुलगी ठणठणीत उभी होती आणि जावई गुरुजींच्या गळ्यात पडून हुंदके देत होता.

ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंड फोडलं की आधी अळी दिसायची, भावाबद्दल तर कोणी बोलतच नसे, आणि त्या दिवसांत आमच्या भागात माणसं एकमेकांना "कसं काय?" विचारायचं टाळत होती, कारण समोरच्यानं खरं सांगितलं तर काय करायचं? केंद्रासमोर गाड्यांची रांग लागे, बैल उभ्या उभ्या पेंगत. भाऊंनी प्रत खाली सांगितली की गाडीवाला भडके, वर सांगितली की वरचे साहेब डोळे वटारत. भाऊ बोटांना लागेल तेच सांगत. त्यामुळे आठवड्याचे सहा दिवस दोन्ही बाजूंनी त्यांच्या कानावर एकच शब्द पडे, तो म्हणजे खोटा. सातव्या दिवशी ते आमच्याबरोबर तलावावर येत, पाण्यात कोपरापर्यंत हात धूत आणि पहिला अर्धा तास कोणाशी अक्षर बोलत नसत.

तलाव म्हणजे बोरी अरबच्या पलीकडचा एक लहानसा पाझर तलाव. आम्ही चौघं. भाऊ, गणित शिकवणारे गुरुजी, एसटीत कंडक्टर असलेला माझा वर्गमित्र आणि पंचायत समितीतला बाबू म्हणजे मी. तलावाचा ठेका असलेल्या सोसायटीचे लोक जाळ्यानं धडाधड मासे काढत आणि आमच्याकडे घरातल्या अर्धवट माणसाकडे पाहावं तसं पाहत. दिवसभर उन्हात बसून चौघांत मिळून एक मासा, आणि तो भाऊंना लागला असेल तर परत पाण्यात!

याचं कारण असं की भाऊ दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेत. खोटं बोलायचं नाही हे शील त्यांना सोपं जाई. जीव मारायचा नाही या शिलानं मात्र पंचाईत केली होती, कारण गळाचा नाद लहानपणापासूनचा. त्यावर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. गळाच्या टोकाशी मासा अडकून राहावा म्हणून जो उलटा काटा असतो, तो त्यांनी कानशीनं घासून गुळगुळीत केला. मासा लागला की वर घ्यायचा, डोळे भरून पाहायचा आणि सोडून द्यायचा. मरळ माशासाठी आम्ही गळाला जिवंत बेंडूक लावत असू, तेही त्यांना चालेना. मग त्यांनी कापसाचा बेंडूक केला. त्याला चांगला कापूस चालत नसे, फरदडीचाच लागे, म्हणजे शेवटच्या वेच्याचा, ज्याला केंद्रावर कोणी विचारत नाही तो. तो वळून, वर जुन्या छत्रीचं कापड शिवून, मेण चोळून भाऊ असा काही बेंडूक बनवत की कमळाच्या पानांवरून तो टुणटुणत निघाला की पाणी पिऊन उडू पाहणारा बगळाही थांबून पाहत असे. एकदा कंडक्टरनं त्यांना पकडलं, "भाऊ, अन् मंग बुधवारी बाजारातून मरळ नेता ते?" भाऊ शांतपणे म्हणाले, "तो मेलेला असते जी. मी त्याले ओळखत बी नाई."

ओळखीचा मासा तलावात एकच होता. एक जुनाट मरळ, डोक्यावर पांढरा व्रण आणि शेपटीला खाच. आमच्या तिघांचे गळ त्यानं तोडून नेले होते. भाऊ त्याला काकाजी म्हणत आणि वडीलधाऱ्याशी बोलावं तसं पाण्याशी पुटपुटत, "या काकाजी. काहून रुसले? एक डाव तोंड तर दाखवा." आम्ही हळू आवाजात जरी बोललो तरी डोळे वटारणारा हा माणूस स्वतः मात्र तासन् तास पाण्याशी गप्पा मारी.

आता आमचा नियम सांगायला हवा, कारण माझं पाप त्याच्यातच आहे. वर्षातला सर्वांत मोठा मासा ज्याचा, त्यानं उंबराखालच्या सपाट दगडावर बसायचं. तलावावर सावलीची तेवढी एकच जागा. बाकीच्यांनी टोपी घालून उन्हात. आमचे तिघांचे मासे पिशवीत असत, ते स्वतःच साक्ष देत. भाऊंचे मासे परत पाण्यात जात, म्हणून त्यांना माणूस साक्षीला लागे. दुसऱ्या कोणी पाहिला तरच भाऊंचा मासा धरायचा. हा नियम गुरुजींनी केला आणि सर्वांत आधी भाऊंनीच मान्य केला. म्हणाले, "बरोबर हाये. नुसतं माझं तोंड कायले मानता?"

होळीच्या आधीचा रविवार होता. दगडावर मी बसत होतो, दोन वर्षांपासून. गुरुजी आणि कंडक्टर सांडव्याकडे गेले होते. मी उठून भाऊंच्या मागे दहा पावलांवर, पळसाला टेकून उभा होतो. कापसाचा बेंडूक पानांच्या फटीतून निघाला आणि पाणी खालून फुटलं. पुढची पंधरा मिनिटं भाऊ त्या काठीबरोबर काठावर जे काही करत होते त्याला मासेमारी म्हणवत नाही. ते नाचत होते, विनवण्या करत होते, एकदा तर गुडघ्यावर बसले. शेवटी उथळ पाण्यात काकाजी आडवे झाले. व्रण दिसला, खाच दिसली. भाऊंनी ओल्या हातानं वीत टाकून त्यांना मोजलं, गळ काढला, दोन्ही हातांवर धरून क्षणभर पाण्यात तसंच ठेवलं आणि म्हणाले, "जा काकाजी. भेट झाली." मग मागे वळले ते हसतच. त्या वर्षात मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. "पाह्यलं ना बाबूजी? पाह्यलं ना?" मी मान हलवली.

आणि तासाभरानं गुरुजींनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला नाही माहीत. माझा डोळा लागला होता."

का म्हणालो? चौदा वर्षं मी या प्रश्नाला वेगवेगळी शहाणी उत्तरं देऊन पाहिली. खरं उत्तर एवढंच आहे की मला सावलीतून उठायचं नव्हतं, आणि त्याहून खरं म्हणजे, मला तो आनंद पाहवला नाही. कार्यालयात माझ्या टेबलावर त्या दिवसांत गेलेल्या शेतकऱ्यांच्या घरून जे कागद येत होते ते वाचून मी कोमेजून गेलो होतो, आणि हा माणूस माझ्याहून जास्त शिव्या खाऊन एका माशासाठी एवढा हसतो कसा, याचा मला राग आला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. खाली बसून भाकरीचं फडकं सोडलं आणि नेहमीसारखी अर्धी भाकरी मला दिली. मी ती खाल्ली.

पुढे त्या थापेचा वटवृक्ष झाला. तो कंडक्टरनं वाढवला. गाडीत कोणी "तिकीट काढलंय, पण हरवलं" म्हणालं की तो म्हणे, "हा ग्रेडरचा मासा दिसते." ते दारव्ह्याच्या स्टँडवर रुळलं, तिथून चहाच्या टपऱ्यांवर गेलं. भाऊ दिसले की लोक विचारत, "काकाजी बरे हायेत ना?" भाऊ म्हणत, "बरे हायेत. तुमाले विचारत होते." मी प्रत्येक वेळी इतरांबरोबर हसलो. दगडावर मी आणखी सहा वर्षं बसलो, गुरुजींना मोठा कतला लागेपर्यंत. त्या दिवशी गुरुजींपेक्षा मलाच जास्त आनंद झाला, आणि सगळे म्हणाले, बाबूचं मन मोठं आहे.

या फाल्गुनात भाऊंनी सांगितलं की ते पुसदला मुलाकडे राहायला चालले. केंद्र कधीच बंद पडलं होतं, भाऊंची बायको वारली होती, डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. शेवटचा रविवार म्हणून कंडक्टरनं सकाळीच भजी आणली होती. सगळे खात होते आणि मी म्हणालो, "मी पाहिला होता."

"काय पाह्यला होता बे?" कंडक्टर.

"काकाजी. भाऊंनी धरला होता. मी मागंच उभा होतो. डोळा लागला नव्हता माझा."

कंडक्टरचं भजं हातातच राहिलं. "आं? म्हणजे चौदा वर्षं मी साऱ्या डेपोत... अबे, तू माणूस हायेस का कोण हायेस?" गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मग तो दगड?" मी म्हणालो, "भाऊंचा होता."

भाऊ बेंडकाला मेण चोळत होते. हात थांबले नाहीत. मी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी बोलले काहून नाही, भाऊ?"

"सहा दिवस लोक मले खोटा म्हणत होते बाबूजी," ते म्हणाले. "कोणी शिव्या देऊन म्हणे, कोणी रडून म्हणे. एक जण तर माह्या पायावर डोकं ठेवून म्हणाला. अन् रविवारी तुमी तिघं हसून म्हणत. हसून खोटा म्हणणारं तवा मले दुसरं कोणी नव्हतं."

"राग नाही आला माझा?"

"आला ना! लय आला. पण तुमी त्या दगडावर बसले का सारखे बूड हलवत राहात. म्हटलं, याचं याले भोगू दे, आपण कायले भांडा?" कंडक्टर फस्सकन हसला. भाऊ हसले नाहीत. बेंडूक खाली ठेवून ते म्हणाले, "नाव गेलं त्याचं काही नाई. पण तो मासा कसा दिसे, हे मले कोणासंग बोलता नाई आलं. पाह्यलेला माणूस तुमी एकटेच. अन् तुमचा डोळा लागलेला."

मग त्यांनी मांडी घातली आणि म्हणाले, "सांगा आता. मी नाई सांगत. तुमी सांगा."

मी सांगितलं. पाणी कसं फुटलं, काठी कशी वाकली, भाऊ कसे गुडघ्यावर आले, व्रण ओला असताना कसा चमकत होता. चौदा वर्षांत मला त्यातलं काही म्हणजे काही विसरता आलं नव्हतं, ते त्या दिवशी कामी आलं. आणि सांगता सांगता, जुनं देणं जरा सढळ हातानं फेडावं म्हणून म्हणा, मी म्हणालो, "चांगला चार वीत होता!"

"साडेतीन," भाऊ म्हणाले. "वाढवू नका जी."

त्या दिवशी घरी येऊन मी दुपारी जो झोपलो तो दिवेलागणीला उठलो. बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "फार बरं आहे." कंडक्टर आता तेच नाव घेऊन उलट्या दिशेनं प्रचार करतो, गाडीत कोणाचं म्हणणं खरं निघालं की ओरडतो, "हा ग्रेडरचा मासा बरं का!" लोक गोंधळतात.

भाऊ पुसदला गेले. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. मुलाच्या घरापासून जवळच एक तलाव आहे, पाणी चांगलं आहे, मरळही असावी असा अंदाज आहे. "पण एकटाच बसतो," म्हणाले. एवढंच म्हणाले. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी मी सकाळची गाडी धरून पुसदला जातो. माझी काठी नेत नाही. त्यांना अजून काही लागलेलं नाही, आणि आता डोळ्यांनी तेवढं दिसतही नाही. मी दहा पावलांवर बसतो, आणि पाण्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहत राहतो.