चुन्याच्या खुणा

आजवर मी पुष्कळ मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकलो, पण माणसाला प्रश्न कसा विचारावा हे मला शिकवलं एका अंगठेबहाद्दर मुकादमानं, आणि तेही चारचौघांत माझी यथेच्छ शोभा करून. सगळे त्यांना नाना म्हणत. दोंडाईच्याच्या मालधक्क्यावर त्यांनी उभा जन्म हमालांकडून मिरचीची पोती फळीवरून वॅगनीत चढवून घेतली, आणि म्हातारपणी धुळ्याबाहेरच्या वृद्धाश्रमात राहायला आले तरी मुकादमी सुटली नव्हती. रोज सकाळी ते व्हरांड्यात उभे राहून सगळ्यांची हजेरी घेत. ताप भरलेल्या माणसालाही पांघरुणातून 'ओ' द्यावी लागे. वरणात कुठल्या गावची मिरची आहे ते पहिल्या घासाला सांगत, आणि स्वयंपाकीणबाई नाही म्हणाल्या तर हात धुईपर्यंत भांडत. कुणाचीही उशी दिसली की तिच्यावर एक थाप मारत. थापेच्या आवाजावरून पोतं कोरडं की दमट हे ओळखणारा तो हात, त्याला उशीही पोत्यासारखीच.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. म्हातारी माणसं का पडतात, याचा अभ्यास करायला मी चाळीस प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन तिथं गेलो. नानांनी आधी मलाच बाकावर बसवलं. तिथंच राहणाऱ्या, वाचता येणाऱ्या अक्कांना चष्मा लावायला सांगितला आणि माझे प्रश्न मलाच विचारायला लावले. "गेल्या वर्षभरात आपण पडलात का?" अक्कांनी वाचलं. मी ऐटीत "नाही" म्हणालो. नाना अहिराणीत म्हणाले, "मंग लंगडस कसाले? स्कूटरवरथीन पडना ना?" मी आदल्याच दिवशी पडलो होतो. सगळा व्हरांडा हसला, मी लाल झालो. "दख, तू डाक्टर, तरी खोटं बोलना," नाना म्हणाले. "तुना सवालच खोटा शे."

मला राग आला होता, पण त्यांचं खरं होतं. माझ्या सगळ्या कागदांवर 'नाही, नाही, नाही' एवढंच होतं. कारण मला माहीत नव्हतं, ते नानांनी सांगितलं. दोनदा पडलेल्या माणसाला मागच्या खोलीत हलवायचं, असा व्यवस्थापकांचा नियम होता. त्या खोलीला बाहेरून कडी, म्हणे सुरक्षेसाठी. तिथं गेलेलं कुणी पुन्हा व्हरांड्यात बसलेलं दिसलं नव्हतं. नाना म्हणाले, "पोतं कोनी पाडं इचारं ते हमाल खोटं बोलस. कोठे पडनं इचारं ते खराब फळी सापडस." मग तंबाखूची चुन्याची डबी त्यांनी खिडकीत ठेवली. जो पडला असेल त्यानं कुणी नसताना पडल्या जागी बोटभर चुना लावायचा, नाव सांगायचं नाही. मी छापील कागद बॅगेत घातले आणि आश्रमाचा नकाशा काढायला बसलो. आठवड्याभरात बारा खुणा झाल्या. त्यातल्या नऊ न्हाणीघराच्या एकाच उंच उंबऱ्यापाशी होत्या!

माझा आनंद पोटात मावेना. तो दुसऱ्या दिवशीच जिरला. व्यवस्थापकांनी चुना पाहिला आणि सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं. "कोण कोण पडलंय? नावं सांगा, नाहीतर डॉक्टरांचा अभ्यास आजपासून बंद." माझ्या शेजारी अक्का उभ्या होत्या. त्यांनी बोट पदरात लपवलं. उंबऱ्यापाशी चुना लावताना मी त्यांना एकदा नाही, दोनदा पाहिलं होतं. व्यवस्थापक एकेकाच्या तोंडाकडे बघत अक्कांपर्यंत आले आणि थांबले.

"बठ्ठ्या खुणा मन्याच शेतस," नाना मागून म्हणाले.

"बाराच्या बारा? एकट्या माणसाच्या?"

"मी म्हातारा शे. म्हातारानी काय पडानं नही?"

ते धडधडीत खोटं होतं, हे व्यवस्थापकांनाही कळत होतं. पण चारचौघांत झालेला अपमान त्यांना गिळवेना. "मग आजच मागच्या खोलीत," ते म्हणाले. मी तोंड उघडायला हवं होतं. अभ्यास बंद पडेल म्हणून मी गप्प राहिलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते. नानांनी स्वतःची वळकटी स्वतःच उचलली, पोतं उचलावं तशी खांद्यावर घेतली, आणि जाताना अक्कांना बजावलं, "सकायनी हजेरी तू घे."

नकाशा विश्वस्तांपुढे गेला. महिन्याभरात उंबरा फोडून जमीन सपाट झाली, भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसला. नानांनाही बाहेर आणा म्हणून मी अर्ज केला, पुन्हा केला. नियम तो नियम, असं उत्तर आलं. माझ्या अहवालात त्यांच्याबद्दल एवढंच छापलं गेलं: 'रहिवाशांचे सहकार्य लाभले.'

शेवटचा भेटायला गेलो तेव्हा कडी काढून मला आत सोडलं. नाना कुशीवर होते. "त्या बारामधली तुमची खूण कुठली, नाना?" मी विचारलं.

"एकबी नही. मी कधी पडनूच नही." मग त्यांनी विचारलं, "उंबरा काढा?"

"काढला. त्यानंतर तिथं कुणी पडलं नाही."

"अक्का हजेरी लेस ना?"

"रोज घेतात. तुमचंही नाव घेतात."

"मंग हाई खोली बी चांगलीच शे," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

निघताना त्यांची उशी सरकली होती ती मी नीट केली, आणि त्यांच्याकडूनच शिकलेली एक थाप तिच्यावर मारली. उशी दमट होती.