बॉबकटवालीचं सिझर

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत तिचं पार्लर होतं. स्वतःचे केस आखूड, म्हणून सगळे तिला बॉबकटवाली म्हणत. नववा महिना लागला तरी ती खुर्चीशी तिरकी उभी राहून गिऱ्हाइकांचे केस कापायची, कारण सरळ उभं राहिलं की पोट मध्ये यायचं.

तपासणीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ पायाळू आहे. डोकं वर, पाय खाली. पाणीही कमी झालंय, त्यामुळे बाहेरून फिरवता येणार नाही. सिझरच करू या. पाठीत इंजेक्शन देऊ, तुम्ही जाग्याच असाल."

ती मान डोलवत राहिली. घरी नवऱ्याने विचारल्यावर तिच्या लक्षात आलं, की 'जाग्याच असाल'च्या पुढचं काहीच डोक्यात शिरलं नव्हतं.

"पोट कापणार आणि मी बघत बसणार?"

"तसं नसेल गं," नवरा म्हणाला. 

पार्लरमध्ये एकजण म्हणाली, कंबर कायमची जाते. दुसरी म्हणाली, सुटलीस बाई, कळा नकोत की काही नको. दोघींचंही तिला पटलं, आणि तीच पंचाईत झाली.

शेवटी सासूबाईंनी तोंड उघडलं. "माझंही सिझरच होतं. पण मला पूर्ण भूल दिली होती. जाग आली तर शेजारी एक पोर रडत होतं. म्हटलं, दुसऱ्याचं आणून ठेवलं की काय!"

"मग?"

"मग नाक बघितलं. मामंजींचंच होतं."

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत इंजेक्शन दिलं, छातीपाशी पडदा लावला. पाय आधी गरम, मग जड, मग परक्याचे वाटायला लागले. दात वाजू लागले, पण थंडी वाजत नव्हती.

"होतं असं," भूल देणाऱ्या डॉक्टर उशाशीच बसल्या होत्या. "दुखणार नाही, पण ओढल्यासारखं वाटेल."

"सुरू कधी करणार?"

"बाळ निघतंय बाहेर."

कुणीतरी पिशवीत हात घालून किल्ली शोधावी तसं आत वाटत होतं. मग रडणं ऐकू आलं.

"कोणाचं बाळ रडतंय?" तिने विचारलं.

सगळे हसले. "अहो, तुमचंच! मुलगी झाली."

टाके घालायलाच जास्त वेळ लागला. दुसऱ्या दिवशी नर्सने उठवून चालवलं, तेव्हा पोटाशी उशी धरून ती कशीबशी दारापर्यंत गेली. खोकला आला की जीव जायचा. सगळ्यांत अवघड होतं ते वेगळंच.

"आई, हिला बघून मला काहीच वाटत नाहीये. माझं काही चुकतंय का?"

"चुकत नाही गं. मला दोन-तीन दिवस लागले होते. नाहीच वाटलं तर डॉक्टरबाईंना सांगू," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मुलगी रडून लाल झाली. ती नर्सला हाक मारून म्हणाली, "अहो, हिला घ्या ना जरा, मला वळता येत नाही!"

तिचा आवाज ऐकताच मुलगी गप्प झाली. बॉबकटवाली चकित होऊन बोलायची थांबली, तर पुन्हा रडं सुरू. काय बोलावं सुचेना, म्हणून ती खोलीतल्या पंख्याबद्दल बोलायला लागली. पंखा किती कुरकुरतो, त्याला तेल कोण घालणार, वगैरे. मुलगी डोळे किलकिले करून ऐकत राहिली.