ताईंचे गाळलेले राक्षस

माझ्या नणंदबाई माणसाकडे बघतात तेव्हा त्याला शेपूट कुठे लावावं, याचा विचार करत असतात. हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं. पण नवी सून म्हणून मी तोंड मिटून होते. पुढे तोंड उघडलं (आणि ते पुन्हा कधी मिटलं नाही, असं माझा नवरा म्हणतो) तोवर उशीर झाला होता. ताईंनी माझा राक्षस करून टाकला होता.

ताई व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढतात. कंपनी नवी होती तेव्हा टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती, आणि ताई घरी आल्या की त्यांच्याआधी रबराचा वास घरात शिरायचा. तिथे मूठभर माणसं मिळून 'तळघर' नावाचा खेळ बनवत होती. खेळणाऱ्यानं जिन्यामागून जिने उतरत शेवटच्या दारापर्यंत जायचं, आणि वाटेत राक्षस आडवे येणार. हे राक्षस ताईंनी काढायचे, तेही चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत. वर रंग चारच वापरायचे, असा दंडक. चार रंगांत नाक, डोळे आणि स्वभाव बसवणं म्हणजे खायचं काम नाही. म्हणून ताई सरळ घरातल्या माणसांना धरायच्या. स्वभाव आयता मिळायचा.

खेळाचा पहिला कच्चा नमुना तयार झाला तेव्हा त्यात राक्षसांची इतकी गर्दी होती की त्यांना उभं राहायला जागा नव्हती. खेळ पक्का करताना मालकांनी निम्म्याहून जास्त गाळले. 'तळघर' धो धो चालला, कंपनीनं काचेची इमारत बांधली, आणि गाळलेले राक्षस त्या जुन्या नमुन्यात तसेच पडून राहिले. त्यांना नावंसुद्धा नव्हती, नुसते आकडे होते.

यंदा मालकांना तोच खेळ नव्यानं विकायची हुक्की आली. सोबत एक दालन द्यायचं ठरलं: गाळलेले सगळे राक्षस, आणि प्रत्येकाच्या चित्राखाली त्याचं नाव. नावं शोधायचं काम ताईंकडे आलं. नावं ठेवण्यात या घराण्याचा हात धरणारं कोणी नाही, तेव्हा काम योग्य जागी गेलंय, असं मी जेवताना म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वाढायचा डाव जरा जोरात ठेवला.

आता त्यांच्या ऑफिसात एक पद्धत आहे. खरी नावं ठरायच्या आधी, चौकटीत अक्षरं नीट बसतात का हे बघायला काहीतरी खोटं लिहून ठेवायचं. बाकीचे लोक अआइई लिहितात. ताईंनी मनातली नावं लिहिली, म्हणजे ज्याच्यावरून राक्षस काढला त्याला त्या मनात ज्या नावानं हाक मारतात, ते. सोमवारी बदलू म्हणाल्या. पण सोमवारच्या आतच ती प्रत काही निवडक शौकिनांकडे चाखायला गेली, आणि त्यांना नावं इतकी आवडली की मालक म्हणाले, हीच ठेवा.

मग कंपनीच्या वकिलांनी विचारलं की हे 'फणकारा' वगैरे कोण आहेत. ताईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सगळं सांगितलं. वकिलांनी फर्मान काढलं: ज्याच्यावरून राक्षस काढलाय, त्या प्रत्येकानं फोनवर 'हरकत नाही' असा निरोप पाठवायचा. जो हरकत घेईल, त्याचा राक्षस कायमचा बाद. माणूस हयात नसेल, तर त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाला विचारायचं.

ताई घरोघर फिरायला लागल्या.

आमच्या चुलतसासऱ्यांचं नाव होतं 'आणखी एक'. हा राक्षस मार खाऊन खोलीबाहेर जातो, आणि तुम्ही सुस्कारा सोडला की दारातून पुन्हा डोकं आत घालतो. काका पोट धरून हसले, 'हरकत नाही' असं कळवलं, पाच मिनिटांनी आणखी एक निरोप पाठवला, आणि मग आणखी एक गोष्ट सांगायला फोन केला. शेजारच्या काकूंचं नाव 'भिंतीला कान'. ताईंनी त्यांचं दार वाजवायच्या आत त्या आतूनच म्हणाल्या, "माझी हरकत नाही!" माझा नवरा 'बघू'. हा राक्षस अंगावर येत नाही, हल्लाही करत नाही. एका जागी उभा राहून फक्त मान वळवतो. त्याला हरकत आहे का विचारलं, तर म्हणाला, "बघू."

आणि 'फणकारा' मी. गोल गरगरीत, हात कंबरेवर, आणि माझ्या दिशेनं काही फेकलं की दुप्पट वेगानं परत.

"ताई, कंबर दोन चौकोनांनी कमी करा, मग बघते," मी म्हणाले.

"जुनं चित्र आहे, वहिनीसाहेब. त्याला हात लावता येत नाही."

"तेव्हा मी अशी नव्हतेच मुळी!"

"मला पुढचं दिसतं," ताई म्हणाल्या. त्यांना दोन दिवस चांगलं तंगवलं, आणि मग दिली एकदाची परवानगी.

नवऱ्याचा निरोपही कसाबसा गेला, आणि राहिला एकच राक्षस, 'निवांत'. हे माझे सासरे. जमिनीवर आडवा पसरलेला, डोळे मिटलेला, पोट वर. आख्ख्या अंगात हलते फक्त मिशी, श्वासाबरोबर वर आणि खाली. त्याला ओलांडून कोणीही पुढे जावं. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणजे इथे परवानगी सासूबाईंची.

"बाकीचे सगळे बाद झाले तरी चालतील मला, हा राहू दे," स्वयंपाकघरात ताई मला म्हणाल्या. "फोटोत बाबा काठी गिळल्यासारखे बसलेत गं. त्यांचं हलतं असं आपल्याकडे काहीच नाही. ही मिशी तेवढी आहे." त्यांचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं की मी उत्तर द्यायचं विसरले, आणि असं माझ्या हातून फारसं होत नाही.

दुपारी ताईंनी लॅपटॉप आईंपुढे ठेवला. आईंनी चष्मा लावला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"हे कोण?"

"बाबा."

"तुझा बाप राक्षस होता?"

"आई, यात सगळेच..."

"जन्मभर राबलेला माणूस. तुला तो झोपलेलाच दिसला?" आईंनी चष्मा काढला. "माझी हरकत आहे. कळव तुझ्या वकिलाला." आणि त्या गच्चीत झाडांना पाणी घालायला गेल्या. कुंड्या भरून वाहिल्या तरी पाणी चालूच होतं.

त्यानंतर घरात तोंडानं कमी आणि भांड्यांनी जास्त बोलणं सुरू झालं. झाकणं आपटत होती, कपाटांची दारं वाजत होती. ताईंनी वकिलांकडून शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली आणि त्या घरात पाय न वाजवता वावरायला लागल्या. गुरुवारी मी आईंबरोबर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. त्या चादरीचं टोक धरून म्हणाल्या, "तू आहेस म्हणे त्यात."

"आहे ना. फणकारा."

"शेजारचीपण?"

"हो."

"आणि तुझा नवरा?"

"तोपण आहे."

"बरं," आई म्हणाल्या, आणि चादरीला असा हिसडा दिला की माझ्या हातातलं टोक सुटलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासूची नस सुनेला नाही कळणार तर कोणाला कळणार? मी तडक ताईंच्या खोलीत गेले. "अहो ताई, बाबांचं नुसतं निमित्त आहे. शेजारणीपर्यंत सगळे आहेत, आणि आई नाहीत. त्या रुसल्यात!"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. "गाळलेल्यांत आई कशी असेल?" त्या म्हणाल्या. "तिला गाळायची कोणाची हिंमत होती? ती खेळात आहे."

'तळघर'च्या शेवटच्या दारावर एक पहारेकरीण उभी असते. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, एक भुवई वर. खेळणाऱ्यांनी तिला किल्लीवाली म्हणून इतकी वर्षं शिव्या घातल्यात. माझ्या नवऱ्याचं निम्मं तारुण्य तिच्या हातून मार खाण्यात गेलं. त्या भुवईखाली मी रोज स्वयंपाक करत आलेय, आणि तरी ती मला ओळखू आली नव्हती. मी कपाळावर हात मारला. "सांगितलं का नाहीत कधी?"

"जीव प्यारा होता," ताई म्हणाल्या.

पण आता सांगणं भाग होतं. आम्ही दोघी आईंसमोर बसलो, आणि नवरा कुंपणावर बसावं तसा खुर्चीच्या हातावर बसला. ताईंनी किल्लीवाली दाखवली. आईंची भुवई वर गेली. पडद्यावरचीही वरच होती.

"ही मी?"

"हो," ताई पुटपुटल्या.

"हिला हरवतं का कोणी?"

"फार थोडे."

"यानं हरवलं?" आईंनी लेकाकडे हनुवटी केली.

"नाही."

"वाटलंच मला." आई जरा सावरून बसल्या. मला त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू दिसलं. मग ताईंनी जुना कच्चा नमुना उघडला आणि शेवटचा जिना उतरून त्या दारापाशी गेल्या. दारात किल्लीवाली उभी होती, आणि तिच्या पायाशी, उंबऱ्याला डोकं टेकून, 'निवांत' घोरत होता.

"मी दोघांना बरोबर काढलं होतं," ताई म्हणाल्या. "मालक म्हणाले, झोपलेला पहारेकरी काय कामाचा, ती एकटी पुरे आहे. म्हणून बाबांना काढलं."

आईंनी पडद्यावरच्या उंबऱ्यावर बोट ठेवलं. "म्हणजे तेव्हापासून त्या दारात मी एकटीच आहे," त्या म्हणाल्या.

माझा नवरासुद्धा 'बघू' म्हणाला नाही.

आईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "आणि निवांत काय! मी कधी त्यांना निवांत म्हटलं होतं? नाव बदल."

"काय लिहू?"

"मी जे म्हणायचे ते."

ताईंनी आधीचं नाव पुसलं आणि चौकटीत लिहिलं, 'अहो'.

आई पुढे वाकल्या. "अहो," त्यांनी वाचलं, आणि मग थोडं थांबून, आवाज चढवून, पुन्हा म्हणाल्या, "अहो!"

पडद्यावर मिशी वर गेली, खाली आली.

"झोपलेत," आई म्हणाल्या. "असू देत. माझी हरकत नाही म्हणून कळव."