आत्याचं निरोपाचं भाषण

माझी आत्या उज्जैनच्या एका कापड मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होती. लग्न केलं नव्हतं, माधव नगरात आमच्याजवळच राहायची. बोलणं इतकं तिरकस की वडील जेवताना तिच्याकडे मीठ मागायलाही बिचकत.

नव्वदीनंतर मिलमध्ये नवे साहेब आले आणि ‘स्वेच्छा निवृत्ती’ हा शब्द आला. स्वेच्छा अशी, की जो सही करणार नाही त्याची बदली लांबच्या गोदामावर. आजी अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून आत्या जाणार कुठे? तिने सही केली.

निरोप समारंभाला मीही गेले होते, तेव्हा कॉलेजात होते. शाल, श्रीफळ झालं आणि साहेबांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

आत्या म्हणाली, “साहब ने कहा स्वेच्छा से जाओ, तो हम स्वेच्छा से जा रहे हैं. दरवाज़ा भी उन्होंने ही खोल रखा, हमें कुंडी तक नहीं खोलनी पड़ी. इतना खयाल तो घर में भी नहीं रखते.”

कारकून माना खाली घालून हसू दाबत होते. साहेबांना ती स्तुती वाटली. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी ते जवळ आले. “मैडम, कल बुनाई खाते में भी यही बोल दीजिए. वहाँ लोग दस्तखत नहीं कर रहे.”

आत्याचा चेहरा उतरला. तिने हातातला कप खाली ठेवला. मग ती शांतपणे म्हणाली, “मैंने ताना मारा था साहब, आप समझे नहीं. वहाँ जाऊँगी तो सीधा बोलूँगी.”

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना ती मिलच्या फाटकाबाहेर उभी राहिली. दरवान हटकायला आला, तर म्हणाली, “सड़क मिल की नहीं है, भैया.” विणकर बाहेर आले, तशी ती त्यांना एवढंच म्हणाली, “मैंने डरकर दस्तखत किए. तुम मत करना.”

पुष्कळांनी सही केली नाही. मिल तरीही काही वर्षांनी बंद पडली. तोवर आत्या शहरातच नानाखेड्याला एका खोलीत मुलींना टायपिंग शिकवू लागली होती.

“ताई, एवढं करून मिळवलंस काय?” वडिलांनी विचारलं.

“मिल वाचवायला गेलेच नव्हते मी,” ती म्हणाली. “माझं बोलणं ते माझ्याच माणसांवर वापरणार होते. ते वापरू दिलं नाही.”